घोंगडी, सतरंजी, कार्पेटवर मांजर-कुत्र्यानं घाण केली? वास आणि डाग असे काढा. 'ही' दोन औषधं मात्र कधीच एकत्र करू नका

वार्ताहर, सांगोला : आषाढी जवळ आली की घराघरात माळ्यावरची सतरंजी, पेटीतली घोंगडी खाली निघते. पाहुणे येणार, वारकरी मुक्कामाला थांबणार. आणि नेमकं त्याच वेळी घडी उघडली की नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो. मांजर कधीतरी येऊन मुतून गेलेलं असतं, कोणाला पत्ताच नसतो. उन्हाळ्यात वास जाणवत नाही, पण पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की सगळं घर भरून जातं.

मग काय होतं? कोणी अख्खी बाटली फिनाईल ओततं, कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कोणी उकळतं पाणी ओततं. आजोबांच्या वेळची घोंगडी उकिरड्यावर जाते. आणि शेवटी मांजराला पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतात. यातलं काहीही करायची गरज नाही. वास का येतो हे समजून घेतलं तर घरातल्याच वस्तूंनी बराचसा वास जातो. घोंगडीही वाचते आणि मांजरही.

वास नक्की कशाचा?

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. आपण शेतात टाकतो तो युरिया आणि मूत्रातला युरिया हा पदार्थ एकच. खताच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं, मूत्रात युरिया पाण्यात विरघळलेला असतो एवढाच फरक. युरिया ओल्या जमिनीवर उघडा राहिला की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून आपण तो मातीआड करतो. तेच काम सतरंजीत होतं. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. पण काही तासांत जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करायला लागतात आणि तो डोळ्यांना झोंबणारा वास सुरू होतो.

काही जण विचारतात, गोठ्यात गाई-म्हशींचं मूत्र रोज पडतं, मग मांजराचंच एवढं उग्र का? याची कारणं दोन. एक म्हणजे मांजराचं मूत्र फार घट्ट असतं. मांजर मुळात कोरड्या प्रदेशातला प्राणी, कमी पाण्यावर जगणारा. दुसरं म्हणजे मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचं एक गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून कांदा-लसूण सडल्यासारखा वास सुटतो. बोक्याच्या मूत्रात हे जास्त असतं. म्हणूनच बोक्यानं उडवलेली पिचकारी जास्त घाण वास मारते.

वाळल्यावरही मूत्रातले क्षार धाग्यात अडकून राहतात. हवेत ओलावा आला की ते पाणी ओढतात आणि वास पुन्हा जागा होतो. म्हणजे उन्हात टाकल्यावर वास गेला असं वाटतं, पण तो फक्त झोपलेला असतो.

ताजं असेल तर पहिली 10 मिनिटं महत्त्वाची

1. घासू नका. घासलं की मूत्र पसरतं आणि धाग्यात खोल जातं. जुना टॉवेल, सुती धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा, नाहीतर वर्तमानपत्राची जाड घडी त्यावर ठेवा आणि दाबा.

2. दाबायला वजन द्या. घडीवर उभे राहा, किंवा पाण्यानं भरलेली बादली ठेवा. कापड ओलं झालं की बदला. कापडाला ओल लागायची थांबेपर्यंत हे करत राहा. निम्मं काम इथंच होतं.

3. मग गार पाणी थोडं थोडं ओता आणि पुन्हा टिपून घ्या. असं दोन-तीन वेळा करा.

4. गरम पाणी अजिबात नको. मांजराच्या मूत्रात प्रथिनं असतात. उष्णता लागली की ती धाग्याला पक्की चिकटतात, जसं अंडं शिजल्यावर घट्ट होतं तसं. वाफेचं मशीन किंवा इस्त्रीही नको.

राख टाकायची जुनी पद्धत आहे. सिमेंटच्या किंवा मातीच्या जमिनीवर राख ओल शोषून घेते, लगेच झाडून टाकली तर चालते. पण लोकरीवर राख टाकू नका. राख खारट-अल्कली असते, ती लोकरीला खाते आणि अमोनियाचा वास उलट वाढवते. चुन्याचंही तसंच. त्यापेक्षा कोरडी माती, लाकडाचा भुस्सा किंवा तांदळाचा कोंडा बरा.

जुना डाग असेल तर आधी जागा शोधा

वास सगळ्या खोलीत येतो, पण डाग कुठं हे कळत नाही. अशा वेळी नोटा तपासायची निळी-जांभळी टॉर्च कामाला येते. दुकानदाराकडे असते, मागून आणा. रात्री दिवे बंद करून सतरंजीवर मारली तर मूत्राच्या जागा फिक्या पिवळसर-हिरव्या चमकतात. एक लक्षात ठेवा, कपडे धुण्याच्या पावडरीचे अंशही निळसर चमकतात. म्हणून टॉर्चनं जागा दाखवली तरी नाक जवळ नेऊन खात्री करा. खडूनं गोल करून ठेवा, म्हणजे सकाळी शोधावं लागत नाही.

सतरंजी उचलून खालची फरशीही बघा. पुष्कळदा वर धुतलेलं असतं, वास मात्र खालून येत असतो.

घरातली तीन औषधं आणि त्यांचा क्रम

पहिलं, व्हिनेगर किंवा लिंबू. अमोनिया हा अल्कली, त्याला आम्ल मारतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. व्हिनेगर नसेल तर अर्धा लिटर पाण्यात 3-4 लिंबांचा रस गाळून घाला. हे पाणी डागावर ओता. डाग जेवढा वर दिसतो त्याच्यापेक्षा आत जास्त पसरलेला असतो, म्हणून कडेनं चार बोटं जास्त भिजवा. 10-15 मिनिटं ठेवा, मग टिपून घ्या आणि वाळू द्या. व्हिनेगरचा वास येईल, तो वाळला की जातो.

दुसरं, खायचा सोडा. डाग वाळल्यावर वरून सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं झाडा. सोडा वास धरून ठेवतो.

इथं एक गोष्ट बहुतेक जण करतात. सोडा आणि व्हिनेगर एकदमच टाकतात, फेस येतो, आणि फेस आला म्हणजे काम झालं असं वाटतं. तसं नाही. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते पाणी आणि थोडं मीठ. म्हणून आधी व्हिनेगर, ते वाळल्यावर सोडा. एकत्र नको.

तिसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं ते. बाटलीवर 6 टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाका. हे फक्त पांढऱ्या किंवा फिकट सुती कापडासाठी आणि नायलॉनच्या कार्पेटसाठी. रंगीत कापडाचा रंग उडतो. लोकरीला तर लावूच नका. लागेल तेवढंच कालवा. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवलं तर आत वायू साठून बाटली फुटू शकते. व्हिनेगरमध्येही हे मिसळायचं नाही.

कोणतंही औषध आधी एका कोपऱ्यावर, मागच्या बाजूला लावून बघा. 10 मिनिटांत रंग सुटला नाही तर पुढं जा.

एन्झाइमचं लिक्विड काय असतं?

जिल्ह्याच्या गावी पाळीव प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन एन्झाइम क्लीनर मिळतं. जुन्या, मुरलेल्या डागावर हे सगळ्यात चांगलं. एन्झाइम म्हणजे पदार्थ पचवणारं रसायन. आपल्या पोटात जेवण पचतं तसं ते प्रथिनं आणि वास मारणारे पदार्थ तोडून टाकतं. त्याला वेळ लागतो. लावलं आणि लगेच पुसलं तर पैसे वाया. डाग चांगला भिजवा, वर ओलं फडकं झाका, जुना डाग असेल तर रात्रभर ठेवा. आणि आधी फिनाईल किंवा ब्लीच टाकलेलं असेल तर ते पाण्यानं पूर्ण काढून टाका, नाहीतर एन्झाइम काम करत नाही.

संत्र्याच्या साली आणि गुळाचं घरगुती बायोएन्झाइम बऱ्याच बचत गटांत बनवतात. त्याचा उपयोग मुख्यतः व्हिनेगरसारखा होतो, कारण ते आंबट असतं. वापरायला हरकत नाही, पण गाळून, पाणी घालून वापरा आणि नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्या. गुळाचा अंश राहिला तर मुंग्या लागतात.

कापडाप्रमाणे पद्धत बदला

घोंगडी : ही खऱ्या लोकरीची. गरम पाणी आणि चोळणं या दोन गोष्टींनी लोकर आटते आणि जाड गोळा होते. धुण्याचा सोडा आणि कडक पावडर नको. गार पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीच्या कपड्याचं लिक्विड घाला. घोंगडी बुडवा, हातानं हलकेच दाबा, दोन-तीन पाण्यांतून काढा. शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर घातलं तर वास जायला मदत होते. पिळू नका. कोरड्या चादरीत गुंडाळून दाबा, मग बाजेवर सावलीत पसरून वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं लांबते. पाण्यानं चिंचोक्याची खळ निघून घोंगडी मऊ पडते. पूर्वीसारखी ताठ हवी असेल तर विणणाऱ्या कारागिराला विचारा.

सतरंजी, जमखाना, सोलापुरी चादर : हे सुती. डागाला आधी व्हिनेगरचं पाणी, मग नेहमीसारखं धुणं. कडक ऊन दिलं तरी चालतं. रंग पक्का नसेल तर आधी कोपरा तपासा. देवळाची किंवा मंडळाची सतरंजी असेल तर सप्ताहानंतर घडी घालायच्या आधी वास घेऊन बघा. ओली सतरंजी घडी करून ठेवली तर बुरशीचा वास वेगळाच लागतो.

गोधडी : आत जुन्या लुगड्यांचे थर असतात, मूत्र शेवटच्या थरापर्यंत जातं. वरून पुसून काही होत नाही. पूर्ण भिजवा, मोठ्या घमेल्यात व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग धुवा. दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नका. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात.

कापसाची गादी : ही धुता येत नाही. ताजं असेल तर टिपून, व्हिनेगरचं पाणी कमीत कमी वापरून, सोडा टाकून ऊन द्या. आत मुरलं असेल तर खोळ उसवा, खराब कापूस काढून टाका आणि बाकीचा पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. नवीन गादीपेक्षा स्वस्त पडतं.

बाजारातलं कार्पेट : नायलॉन किंवा फेल्टचं असतं, खाली रबर किंवा स्पंज. उताराच्या जागी टाकून दोन्ही बाजूंनी पाण्याचा पाइप मारा, औषध लावा, पुन्हा धुवा, उभं करून वाळवा. स्पंजच सडला असेल तर तेवढा कापून बदललेला बरा.

फरशीला व्हिनेगर लावताना थांबा

आपल्याकडे पुष्कळ घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी आहे. हे दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगर, लिंबू किंवा अ‍ॅसिड पडलं की दगड खाल्ला जातो, चमक जाते आणि पांढरे डाग उरतात. म्हणून सतरंजीवर आंबट औषध टाकायचं असेल तर ती अंगणात नेऊन टाका. शहाबादी फरशी साध्या साबणाच्या पाण्यानं किंवा एन्झाइमनं धुवा. सिरॅमिक टाइल्सना व्हिनेगर चालतं, पण सांध्यातल्या सिमेंटवर जास्त वेळ ठेवू नका. मातीची जमीन असेल तर सगळ्यात सोपं : ओली माती खरवडून काढा, नवी माती टाकून सारवून घ्या.

ही चूक जिवावर बेतू शकते

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर असो की बाटलीतलं ब्लीच, ते आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत दोन-चार श्वासांत खोकला, घशाची आग, दम लागणं सुरू होतं. व्हिनेगर किंवा लिंबू आणि ब्लीच एकत्र केलं तरी तेच. मुरलेल्या मूत्रावर ब्लीच ओतलं तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन नावाचा दुसरा विषारी वायू तयार होतो. म्हणजे मूत्राच्या डागाला ब्लीच नकोच. लोकरीला तर ब्लीच अक्षरशः विरघळवून टाकतं.

असं कोणाच्या हातून झालंच तर पुसत बसू नका. आधी माणसं बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. डोळे चुरचुरत असतील तर भरपूर पाण्यानं धुवा. खोकला किंवा दम थांबत नसेल तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

फिनाईलचंही सांगतो. फिनॉल असलेलं काळं फिनाईल मांजराला विषारी आहे. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि आजारी पडतं. वरून फिनाईलनं मूळ वास जात नाही, फक्त झाकला जातो.

सोबत ही काळजी घ्या. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पसरू शकतात. ते ओलाव्यात टिकतात, वाळल्यावर मरतात. हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घालूनच हे काम करा, नंतर साबणानं हात धुवा. मांजराची विष्ठा गरोदर बाईनं साफ करू नये, त्यातून टोक्सोप्लाझ्माचा धोका असतो.

मांजर पुन्हा पुन्हा तिथंच का जातं?

कारण त्याला तो वास येतो. आपल्याला येत नाही तेव्हाही येतो. म्हणून वास पूर्ण काढणं हाच पहिला उपाय. त्यापुढं ही कारणं बघा.

बोका उभ्यानं भिंतीवर, गादीच्या कडेवर पिचकारी मारत असेल तर तो हद्द आखतोय. पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घेतलं तर बहुतेक बोक्यांचं हे बंद होतं किंवा खूप कमी होतं. कुत्र्याचंही तसंच.

घरात राहणाऱ्या मांजराला एका कोपऱ्यात घमेल्यात वाळू किंवा माती ठेवा. रोज साफ करा. घाण वाळूत मांजर बसत नाही, मग गादी शोधतं.

कुत्र्याच्या पिल्लाला झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्या, तिथं केलं की शाबासकी द्या. मूत्रात तोंड घासणं, मारणं यानं ते फक्त लपून करायला शिकतं. फटाक्यांच्या भीतीनंही कुत्रं घरात मुततं, तो त्याचा गुन्हा नाही.

आणि शहाणं मांजर अचानक घरात मुतायला लागलं, सारखं बसतंय, ओरडतंय, थेंब-थेंबच येतोय, लाल येतंय, तर ते आजारी आहे. बोक्याची मूत्रनळी तुंबली तर एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. म्हातारं कुत्रं फार पाणी पिऊन फार मुतत असेल तर मूत्रपिंड किंवा साखरेचा आजार असू शकतो. अशा जनावराला शिवारात सोडून देणं म्हणजे आजाऱ्याला रस्त्यावर टाकण्यासारखं आहे.

डाग राहिला तर?

खरं सांगायचं तर प्रत्येक डाग जात नाही. महिनोन् महिने मुरलेल्या मूत्रानं रंगच बदललेला असेल तर तो परत येत नाही. वास मात्र दोन-तीन वेळा हीच पद्धत केली की बहुतेक जातो. पहिल्या धुण्यानं वास गेला नाही म्हणून घोंगडी टाकून देऊ नका. पूर्ण वाळू द्या, दमट दिवशी पुन्हा वास घेऊन बघा आणि राहिलेल्या जागेवर परत औषध लावा. डागावर ठिगळ लावता येतं. हातानं विणलेली घोंगडी मात्र आता सहज मिळत नाही.

थोडक्यात : घासायचं नाही, टिपायचं. गार पाणी, गरम नाही. आधी व्हिनेगर, वाळल्यावर सोडा. लोकरीला रिठा. शहाबादी फरशीला आंबट नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीच एकत्र नाही.

माहिती कामाची वाटली तर गावच्या आणि बचत गटाच्या ग्रुपवर पाठवा. विशेषतः ब्लीच आणि अ‍ॅसिडची गोष्ट घरात साफसफाई करणाऱ्या प्रत्येकाला सांगा.